हिवाळा, नाताळ आणि घरातली कुत्री-मांजरं: कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर देवगड तालुक्यात, कलमांच्या बागेत. दोन कुत्रे, तीन मांजरं आणि येऊन-जाऊन असणारी शेजारची दोन. तुळशीचं लग्न झालं की जानेवारी संपेपर्यंत ओळखीपाळखीचे लोक मला फोन करून तेच-तेच प्रश्न विचारतात. मी डॉक्टर नाही. पण इतकी वर्षं जनावरांना घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढले आहे, डॉक्टरांना विचारून-विचारून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. त्या इथे लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. आपल्या किनारपट्टीवर नुसत्या थंडीने कुत्रं-मांजर दगावल्याचं मी क्वचितच पाहिलं. ती दगावतात या दिवसांत आजूबाजूला जे चालू असतं त्याने: बागेतली फवारणी, पाहुण्यांची ये-जा, उघडं राहिलेलं बेडं (आवाराचं फाटक), फटाके, उष्ट्या पत्रावळी. म्हणून स्वेटरपेक्षा या गोष्टींकडे जास्त लक्ष द्या.

कुत्र्याला स्वेटर घालायला हवा का?

बहुतेक घरांत नको. आपल्याकडे डिसेंबरची दुपार जुलैच्या दुपारपेक्षा जास्त तापते. रत्नागिरीत भर पावसाळ्यात दिवसाचं तापमान २८-२९ अंशांवर असतं, डिसेंबरात ते ३१-३२ पर्यंत चढतं. रात्री किनाऱ्यालगत पारा साधारण १८-२० च्या आसपास राहतो. दापोलीसारख्या उंचावरच्या ठिकाणी मात्र काही रात्री तो १० अंशांपर्यंत उतरतो, आंबोलीतही गारठा चांगलाच असतो. तिथे म्हाताऱ्या किंवा अगदी आखूड केसांच्या कुत्र्याला रात्री अंगावर काही घातलं तर हरकत नाही.

त्रास होतो तो पहाटे घातलेला स्वेटर दुपारपर्यंत अंगावर राहिल्याने. कुत्रं धापा टाकतं, काखेत कातडी सोलवटते आणि आतल्या आत गोचिडींना निवारा मिळतो. सकाळी ऊन अंगणात आलं की स्वेटर काढायचाच.

हस्की, सेंट बर्नार्ड अशी थंड मुलखातली कुत्री इथे आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना आपला जानेवारीसुद्धा सोसत नाही, मग मे महिन्याचं काय बोलायचं! आता घरात आहेच तर त्याचे केस तुळतुळीत भादरू नका. सावली, पाणी आणि फिरवण्याची वेळ सांभाळा.

मग थंडीची काळजी घ्यायची कोणाची?

चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लांची, म्हाताऱ्यांची, आजारातून उठलेल्यांची आणि पाऊस संपता-संपता खरूज होऊन केस गेलेल्यांची.

लहान पिल्लांना स्वतःचं अंग ऊबदार ठेवता येत नाही. आई उठून गेली की ती एकमेकांवर ढीग करून झोपतात. ढिगापासून बाजूला पडलेलं पिल्लू गार पडतं आणि गार पडलेलं पिल्लू दूध पीत नाही. अशा पिल्लाला आधी ऊब द्या, दूध नंतर. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या बाजूला ठेवा. थेट अंगाला लावली तर भाजतं.

म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे पहाटे आखडतात. आमचा वाघ्या तेरा वर्षांचा आहे. सकाळी उठताना तो आधी पुढचे पाय ताणतो, मग मागचे दोन्ही एकदम उचलायला बघतो आणि लादीवर घसरतो. त्याच्यासाठी पडवीत लाकडी फळी, तिच्यावर गोणपाट आणि वर जुनी गोधडी घातली आहे. फळी जमिनीपासून चार बोटं वर असली तरी पुरते. लादी किंवा सारवलेली जमीन रात्री ओल धरते, तिच्यावर थेट झोपवू नका. दुखतंय म्हणून माणसांची गोळी तर देऊच नका. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आंघोळ दुपारी बाराच्या सुमारास, कोमट पाण्याने, आणि नंतर टॉवेलने कोरडं करून उन्हात बसवायचं. महिन्यातून एकदा भरपूर झालं.

मांजर रोज पाणचुलीच्या राखेत जाऊन झोपतं. काय करावं?

सगळ्या जुन्या घरांतला हा प्रकार आहे. रात्री आंघोळीचं पाणी तापवून झालं की चूल विझते, राख मात्र पहाटेपर्यंत ऊबदार राहते. मांजराला ती बरोबर कळते. वरची राख थंड आणि खाली निखारा जिवंत, अशा वेळी पंजे भाजतात, मिशा आणि भुवया जळतात. शिवाय अंगाला लागलेली राख ते चाटतं.

चुलीच्या तोंडाला रात्री पत्रा लावा. नुसता पत्रा लावून मात्र भागत नाही, त्याला दुसरी जागा द्यावी लागते. एक खोका, आडवा ठेवलेला, आत पेंढा आणि सुती साडीचा तुकडा, न्हाणीघराच्या उबेच्या भिंतीला लावून. दोन-तीन रात्रींत ते तिथे जायला लागतं.

हीच ऊब गाडीच्या बॉनेटखाली असते. मुंबईहून रात्री आलेली गाडी खळ्यात, म्हणजे अंगणात, लागली की इंजिन तासभर गरम असतं आणि गावातली मांजरं आत शिरतात. सकाळी गाडी काढण्याआधी बॉनेटवर दोनदा थापा मारा, दार एकदा आपटा आणि मग किल्ली फिरवा. पाहुण्यांनाही हे सांगून ठेवा, शहरातल्यांना ते माहीत नसतं.

बागेत आंब्याची फवारणी चालू आहे. मांजरांना धोका आहे का?

आहे, आणि मोठा आहे. या प्रश्नावर मी जास्त लिहिते, कारण याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

हापूसला पालवी आणि मोहोर येतो तो नेमका या दिवसांत. तुडतुड्यांपासून मोहोर वाचवायला फवारण्या सुरू होतात आणि दर दोनेक आठवड्यांनी होत राहतात. सुरुवातीच्या फवारण्यांत डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही औषधं सर्रास असतात. ती पायरेथ्रॉइड गटातली आहेत. कुत्र्याचं शरीर ती बऱ्यापैकी लवकर पचवून बाहेर टाकतं. मांजराचं यकृत तसं करू शकत नाही, ते विष अंगात साठून राहतं. भरीला मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं, म्हणजे केसांवर पडलेलं सगळं पोटात जातं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या चिमीला हे झालं. फवारणी आमच्याच बागेत होती. दुपारी गडी जेवायला बसले तेव्हा ती मांगराजवळ, म्हणजे बागेतल्या खोपीजवळ, कुणाच्या तरी काढून ठेवलेल्या शर्टावर झोपली होती. त्याच शर्टावर सकाळपासून फवारा उडालेला. संध्याकाळी ओटीवर आली तेव्हा कानाची टोकं उडत होती, माशी बसल्यावर उडतात तशी. माशी नव्हती. मग पुढचा पंजा पाण्यात बुडाल्यासारखा झटकायला लागली. तासाभराने पाठीवरची कातडी लाटा गेल्यासारखी थरथरत होती आणि तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते असं: भांड्याचा पातळ साबण घ्या, कोमट पाण्यात अंग धुवा. पाणी कढत नको, कढत पाण्याने कातडीतून विष जास्त ओढलं जातं. गारही नको, अंग थंड पडलं की झटके वाढतात. धुवून झाल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून ऊबदार ठेवा आणि तडक घेऊन या. आम्ही तसंच केलं. झटके थांबवायची इंजेक्शनं आणि सलाईन दोन दिवस चालू होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने वाटीतलं पाणी स्वतःहून प्यायलं. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मांजरं अशी उठतात. म्हणून "रात्र जाऊ दे, सकाळी बघू" असं करू नका.

आता आम्ही काय करतो ते सांगते. फवारणीचा दिवस आदल्या दिवशी कळवायला सांगतो. त्या दिवशी मांजरं सकाळपासून माजघरात बंद, आत घमेल्यात वाळू, पाणी आणि खाणं. फवारा सुकून दुसरा दिवस उजाडला की दार उघडतो. गड्यांचे फवारणीचे कपडे खुंटीवर, जमिनीवर नाही. औषधाचं पिंप झाकलेलं, कारण तहानलेला कुत्रा त्यातच तोंड घालतो. रिकाम्या बाटल्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा विहिरीच्या कठड्यावर ठेवायच्या नाहीत. आणि ज्या औषधाची फवारणी झाली त्याच्या लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवतो. दवाखान्यात डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

बाग आमची नाही, शेजाऱ्यांची आहे. त्यांना कसं सांगायचं?

भांडायला जाऊ नका. फवारणीशिवाय पीक हाती लागत नाही, वर्षाचा खर्च त्या मोहोरावर असतो. "काका, फवारणीच्या आदल्या दिवशी एक हाक मारा, मी मांजरं आत घेते," इतकं सांगितलं की कुणीही ऐकतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक अनेक बागायतदार पाळतात, त्यामुळे एक फवारणी कळली की पुढची साधारण कधी येईल त्याचाही अंदाज बांधता येतो.

गोचिडींसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते औषध मांजराला चालेल का?

नाही. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रीन असतं, तेही याच गटातलं आणि मांजरासाठी त्याहून घातक. थेंबभरानेही झटके येऊ शकतात. कुत्र्याला ते लावलं असेल तर सुकेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. मांजराचं औषध वेगळं मागून घ्या, पुडक्यावर मांजराचं चित्र आहे ना ते बघून घ्या.

थंडीत गोचीड कमी होतात ना?

आपल्याकडे नाही होत. पाऊस ओसरला की उलट वाढतात. कुत्र्यावरची गोचीड आयुष्यातला बराचसा काळ कुत्र्यावर नसतेच, भिंतीच्या भेगेत असते. चिऱ्याच्या भिंतीचे सांधे, पडवीच्या कौलाखालची वाशांची बेचकी, कुत्र्याच्या फळीची खालची बाजू. पोट भरलेली मादी तिथे जाऊन हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. भेगा बुजवा, गोधडी उकळत्या पाण्यात घाला, फळी उन्हात उलटी ठेवा.

अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ ओढायची. अगरबत्तीचा चटका, रॉकेल, कापूर, तंबाखूचं पाणी यातलं काही नको. तंबाखूच्या पाण्याने कुत्रं विषबाधा होऊन मरू शकतं. आजीच्या काळापासून चालत आलं असलं तरी हे सोडून द्यायला हवं.

कुत्रं खात नाही, ताप आहे, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळसर झाली तर गोचीड तापाची शंका घ्या आणि त्याच दिवशी रक्त तपासा. औषध बहुधा महिनाभर चालतं. चार दिवसांत कुत्रं शेपूट हलवायला लागलं म्हणून मध्येच थांबवू नका, आजार परत उलटतो.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी भागातल्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवा. तिकडे माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो जंगलातल्या गोचिडींमुळे माणसाला होतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा मोसम. काजूच्या बागेतून किंवा रानातून आलेलं कुत्रं अंथरुणात घेऊ नका, आधी अंगणात नीट चाचपा.

थर्टी फर्स्टला फटाके वाजले की आमचा कुत्रा पळून जातो. काय करू?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या फटाक्यांना रात्री ११.५५ ते १२.३० एवढीच वेळ दिली होती. प्रत्यक्षात किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत ते आठपासूनच सुरू होतात, म्हणून तयारी संध्याकाळी करा. जास्तच झालं तर ११२ ला फोन करून सांगा.

चार वाजता लांब फिरवून आणा. सहाला जेवण. सातच्या आत घरातल्या मधल्या खोलीत, म्हणजे माजघरात, कारण तिला बाहेरची भिंत नसते आणि आवाज कमी पोचतो. खिडकीला गोधडी लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. खाटेखाली जाऊन बसत असेल तर बसू द्या, ओढून बाहेर काढू नका. तुम्ही जवळ बसून पाठीवर हात ठेवलात तर भीती वाढत नाही. "लाड केले की जास्त घाबरतो" हा समज चुकीचा आहे.

साखळीने बाहेर बांधून तर अजिबात ठेवू नका. घाबरलेलं कुत्रं साखळीला झटके देत राहतं, गळ्याला फास बसतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतलं एक कुत्रं साखळीसकट गडग्यावरून पलीकडे उडी मारताना लटकून गेलं. घरचे सगळे किनाऱ्यावर होते.

पट्ट्यावर मोबाइल नंबर लिहा, साध्या मार्करने लिहिला तरी चालेल. दरवर्षी जे कुत्रं फारच थरथरतं त्याच्यासाठी डॉक्टरांकडून आधीच गोळी घेऊन ठेवा. ३१ तारखेच्या संध्याकाळी दवाखाना उघडा मिळत नाही. माणसांची झोपेची गोळी देऊ नका.

पाहुणे लाडाने काय-काय खायला घालतात. काय चालतं, काय नाही?

सणासुदीला घरात पंधरा माणसं आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. मी आल्या-आल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना, एकदाच सांगते की याचं जेवण मी घालते, तुम्ही फक्त खेळा. मुलं हे मोठ्यांपेक्षा नीट पाळतात.

अजिबात नको: चॉकलेट, त्यातही काळं कडू चॉकलेट. द्राक्षं, मनुके, बेदाणे, म्हणजे नाताळचा केकही आला. कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती मनुक्यांनी होतील याचा नेम नसतो. कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला, रक्तातल्या लाल पेशी फोडतो, मांजरांना जास्त. म्हणून सागोतीचा (कोंबडी-मटणाचा) रस्सा भातावर ओतून देऊ नका. दारू. आणि शुगर-फ्री च्युइंग गम किंवा मिठाई, ज्यात झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते.

शिजवलेल्या कोंबडीचं हाड उभं फुटतं आणि आतड्यात रुततं. वडे, तळलेली सुरमई, मटणाची चरबी यांनी लगेच काही होत नाही, पण एक-दोन दिवसांत उलट्या आणि पोटदुखी सुरू होते, कुत्रं पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करून उभं राहतं. तो स्वादुपिंडाचा त्रास असतो, डॉक्टरांना दाखवावंच लागतं. सुक्या बोंबलात आणि खाऱ्या बांगड्यात मीठ खूप असतं. मांजराला वास आवडतो म्हणून रोज देऊ नका.

काहीतरी खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्या मिठानेच वेगळी विषबाधा होते. काय खाल्लं, किती, कधी, हे सांगून डॉक्टरांना फोन करा.

गुरं-शेळ्या असतील तर त्यांनाही सांभाळा. पूजा आटोपली की उरलेला भात घमेलंभर एकदम गाईपुढे ओतला जातो. एवढा भात अचानक पोटात गेला की आंबतो, पोट फुगतं, जनावर बसतं. उरलेलं अन्न चार ठिकाणी वाटून, थोडं-थोडं द्या.

ताप आहे म्हणून क्रोसिन दिली तर?

मांजराला एक गोळीही जीवघेणी आहे. हिरड्या चॉकलेटी-निळसर पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. कुत्र्यालाही स्वतःच्या मनाने पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका. दिली गेलीच असेल तर लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने लोक सांगत नाहीत आणि उपचार चुकतो. आणि आधी ताप आहे का ते तरी बघा: कुत्र्या-मांजरांचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट.

सुट्टीत कुत्र्याला किनाऱ्यावर नेतो. कशाला जपावं?

सगळ्यात आधी रापणीला. जाळं ओढून झालं की नको असलेली मासळी वाळूवर टाकली जाते आणि त्यात केंड असतो, फुग्यासारखा फुगणारा. त्याचं विष शिजवूनही जात नाही. कुत्र्याने खाल्ला तर जीभ आणि पाय लुळे पडतात, मग श्वास थांबतो. शिंगाळ्याचा काटा आणि पाकटाच्या शेपटीचा काटा पंजात घुसतो. सवयीची गावठी कुत्री केंड हुंगून सोडून देतात. शहरातून आलेलं कुत्रं खेळणं समजून उचलतं. रापण दिसली की दोरी आखूड करा.

गळ ओठात अडकला तर मागे खेचू नका, त्याला उलटं टोक असतं. आमच्या काळूला अडकला तेव्हा एका मच्छीमार दादाने गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, पक्कडीने कापलं आणि उरलेला दांडा मागून अलगद ओढला. काळू शांत होता म्हणून जमलं. गळ गिळला असेल आणि तोंडातून दोरा लोंबत असेल तर दोऱ्याला हात लावू नका, कापूही नका, तसंच दवाखान्यात न्या. मांजराने सजावटीची चमकी किंवा दोरा गिळला तरी हेच.

पिण्याचं पाणी घरून न्या. समुद्राचं पाणी पोटभर प्यायलं की उलट्या-जुलाब आणि पुढे झटकेही येतात. दुपारी अकरा ते चार वाळूवर नेऊ नका. तळहाताची उलटी बाजू वाळूवर सात-आठ सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही नाही. परतल्यावर गोड्या पाण्याने पंजे आणि पोट धुवा.

आणि नोव्हेंबर ते मार्च रात्रीचं कुत्र्याला मोकळं सोडू नका. वेळास, आंजर्ले, गावखडी, वायंगणी अशा कितीतरी किनाऱ्यांवर या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका रात्रीत एक कुत्रं अख्खं घरटं उकरतं.

मुंबईहून गाडीने गावी आणतोय. प्रवास कसा करावा?

निघायच्या चार-पाच तास आधी खाणं बंद, पाणी चालू. घाटात वळणं लागतात, तिथे बहुतेक कुत्री उलटी करतात. दोन-अडीच तासांनी थांबा आणि दार उघडायच्या आधी दोरी हातात घ्या. हायवेवर पळालेलं कुत्रं सापडणं कठीण. जेवायला थांबलात तर कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका. बाहेर ३० अंश असताना आतलं तापमान वीस मिनिटांत चाळीशी गाठतं. मांजर पिंजऱ्यातच हवं, मांडीवर नको.

कोकण रेल्वेने नेणार असाल तर पूर्ण कूपे तुमच्या नावावर असेल तरच एसी फर्स्टमध्ये परवानगी मिळते, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत रात्रभराचा प्रवास मी माझ्या कुत्र्याला करायला लावणार नाही.

साप थंडीत बिळात असतात ना?

आपल्या थंडीत नसतात. घोणशीचा मिलनाचा काळ तर हिवाळाच. सकाळी उन्हाला गडग्यावर, चिऱ्यांच्या ढिगावर, पेंढ्याच्या उडवीजवळ फुरसं आणि घोणस दिसतात. कुत्रं हुंगायला जातं आणि तोंडावर किंवा पुढच्या पायावर चावा बसतो.

पट्टा काढा, कारण मान सुजते. उचलून न्या, चालवू नका. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, पाला चोळणं काही नको. माणसांसाठी वापरतात तीच प्रतिविषाची लस कुत्र्यालाही देतात, फक्त ती दवाखान्यात आहे का हे निघतानाच फोन करून विचारा. मण्यार चावली तर सूज येतच नाही, कुत्रं नुसतं डुलायला लागतं. तेव्हा सूज नाही म्हणून थांबू नका.

बिबट्यापासून कुत्र्याला कसं वाचवायचं?

"वाघान कुत्रो नेल्यान" (आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात) हे थंडीच्या दिवसांत दर दोन-चार आठवड्यांनी कुठल्या ना कुठल्या वाडीतून ऐकू येतं. पडवीत बांधलेलं कुत्रं त्याला सगळ्यात सोपं. राखणीला म्हणून आपण त्याला बाहेर बांधतो आणि त्याला पळायलाही जागा ठेवत नाही. दिवेलागणीला कुत्रं घरात घ्या, दार लावा. घरात जागा नसेल तर चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेली खोली बांधा. कोंबडीची आतडी, माशांची खवलं घराजवळ टाकू नका. बिबट्या दिसला तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा.

पिल्लाला रक्ताची हगवण लागली आहे. थंडीमुळे का?

बहुतेक वेळा पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. उलट्या, घाण वासाची रक्तमिश्रित हगवण, पिल्लू निपचित. घरगुती उपाय नको, सलाईन लागतं, तेही त्याच दिवशी. पावसाळ्यानंतर गावात पिल्लांच्या झोळ्याच्या झोळ्या जन्मतात आणि हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, सोळा आठवड्यांपर्यंत. तोवर त्याला किनाऱ्यावर, जत्रेत, दुसऱ्यांच्या अंगणात नेऊ नका. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस.

आम्हीच सुट्टीत बाहेरगावी जाणार आहोत. कुत्रं-मांजर कुठे ठेवू?

मांजर घरातच बरं, दिवसातून दोनदा शेजारच्या काकू येऊन बघतील अशी सोय करून. कुत्र्याला माणूस लागतो, एकट्याला ताटलीभर भात ठेवून जाऊ नका. बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल तर आधी जाऊन बघा आणि तुमच्याकडे लसीचं कार्ड मागितलं जातं का ते पाहा. जे मागत नाहीत तिथे ठेवू नका.

सुट्टीपुरतं पिल्लू गावात हौसेने पाळून जाताना तसंच टाकून जाणारेही असतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावर असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे.

रात्री काही झालं आणि जवळ डॉक्टर नसतील तर?

हे डिसेंबर लागायच्या आधीच ठरवून ठेवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर, जवळच्या एका खासगी डॉक्टरांचा आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या एकाचा, असे तीन नंबर फ्रिजवर चिकटवा. ३१ तारखेला यातले कोण गावात आहेत ते आठवडाभर आधी विचारून घ्या. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा मोफत नंबर. तो मुख्यतः गुरांसाठी आहे, तरी विचारून बघायला हरकत नाही. मोठं ऑपरेशन असेल तर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा साताऱ्याकडे शिरवळचं, पण तिथवर पोचायला आधी इथे कुणीतरी सलाईन लावलेलं असावं लागतं.

आमच्या घरात दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी असते. त्यात टॉवेल, चिमटा, भांड्याच्या साबणाची छोटी बाटली, कापूस, क्रेप बँडेज, तोंड बांधायला सुती पट्टी, टॉर्च, दोन्ही कुत्र्यांची लसीची कार्डं आणि पेट्रोलपुरते पैसे. चिमीच्या रात्री या सगळ्या वस्तू घरात होत्या, पण शोधण्यात आमची पंचवीस मिनिटं गेली होती.